मदत हवी आहे: प्रोजेक्ट इंजिनिअर राहू की मॅनेजर होऊ?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, घर दांडिया बाजारात, नोकरी मकरपुरा जीआयडीसीत (इथली औद्योगिक वसाहत). ९ वर्षं प्रोजेक्ट इंजिनिअर आहे. ड्रॉइंग तपासायची, व्हेंडरच्या मागे लागायचं, साइटवर पाइपलाइनची हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) घ्यायची. डिझाइन प्रेशरच्या दीडपट दाब चढवला की गेजचा काटा जागचा हलत नाही ना, हे बघत उभं राहायला मला खरंच मजा येते.

आता साहेब म्हणतात, प्रोजेक्ट मॅनेजर हो. म्हणजे बजेट, वेळापत्रक, क्लायंटच्या मीटिंगा आणि उशीर झाला की दंडाचं कलम. मागे एका व्हॉल्व्हची डिलिव्हरी ३ आठवडे लांबली. मी नुसते फोन लावत होतो, बोलणी खाल्ली मॅनेजरने. (पगारातला फरक विचारू नका, आई रोज विचारते!)

पीएमपीचं, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरच्या सर्टिफिकेटचं, बघितलं. ४ वर्षांची पदवी असेल तर ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. माझं साइटचं काम त्यात कसं मांडायचं? इथे बडोद्यात किंवा जवळच्या सावली-हालोलच्या कारखान्यांकडे कोणी इंजिनिअरचा मॅनेजर झालं असेल तर प्लीज सांगा. आणि नाही जमलं तर परत फिरता येतं का, तेही.