विडी-सिगारेट सोडतानाची तल्लफ आणि घालमेल : बेळगाव भागातले अनुभव

नमस्कार मंडळी. सिगारेट का सोडावी, यासाठी हा धागा नाही. ते पाकिटावरचं चित्र रोज सांगतंच. सोडायला घेतल्यावर पहिल्या महिन्यात आत जे चालतं, त्याबद्दल लिहायचं आहे. हात कुठं ठेवावा कळत नाही, छाती धडधडते, घरच्यांवर आवाज चढतो, रात्री दोनला टक्क जाग येते. हे कुणी सांगत नाही, त्यामुळं प्रत्येकाला वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. मी तीनदा सोडून तीनदा परत धरली. तल्लफ मी सोसली होती, ही घालमेल सोसली नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, जिथं असाल तिथून लिहा. सुटली नसली तरी लिहा. नाव नको, गाव पुरे.

माझ्यापासून सुरुवात करतो. टिळकवाडी, वय ४६, उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात नोकरी. १९ वर्षं, दिवसाला १२-१४ सिगारेटी. चौथ्यांदा सोडली तेव्हाचा तिसरा दिवस. दुसरं रेल्वे गेट पडलेलं, मी स्कूटरवर. गेट पडलं की एक पेटवायची, ही इतक्या वर्षांची रीत. त्या दिवशी खिशात काही नव्हतं. तळवे घामेजले, छातीत असं धडधडायला लागलं की मला वाटलं, झालं, हा अटॅकच. गेट उघडल्यावर तसाच दवाखान्यात गेलो. कार्डिओग्राम चांगला निघाला. (कुणाला असं झालं तर आधी तपासून घ्या, सिगारेट सोडल्यामुळंच असेल असं धरून घरी बसू नका.)

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "चहा किती होतो?" मोजला तर सात-आठ कप. सिगारेट बंद केल्यावर दोन वाढलेच होते, कारण हाताला काहीतरी हवं होतं. त्यांनी जे सांगितलं ते मला १९ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. धुरातल्या काही घटकांमुळं यकृत कॅफिन झपाट्यानं निकालात काढत असतं. धूर थांबला की काही दिवसांतच तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात कितीतरी जास्त वेळ राहतं. म्हणजे निकोटिन सुटल्याची अस्वस्थता एकीकडं आणि चहाची धडधड दुसरीकडं, दोन्ही एकाच वेळी. मी सगळं एकाच नावावर लिहीत होतो : मला सिगारेटीशिवाय जमत नाही. चहा अर्धा केला, संध्याकाळी पाचनंतर बंद. चार-पाच दिवसांत हाताची थरथर गेली आणि झोप थोडी लागायला लागली. पहिल्या तीन वेळी हे माहीत असतं तर, असं अजून वाटतं.

दम्याच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर सोडण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. कॅफिनसारखंच काही औषधांचंही होतं, डोस बदलावा लागतो.

आता तुम्ही लिहा.

*

निपाणीजवळचं गाव, शेतकरी, वय ५७

अण्णा, तुमच्याकडं गेट पडतं, आमच्याकडं घराच्या दारातच तंबाखू. बापाच्या काळापासनं रानात हेच पीक. १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात वडील पुणे-बेंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसलेले. मी १३ वर्षांचा, भाकरी पोचवायला जायचो. गोळीबार झाला त्या दिवशी आई रात्रभर उंबऱ्यात बसून होती. ज्या पिकाच्या दरासाठी माणसं मेली, ते पीक वाईट आहे असं मला कुणी म्हटलं की आजही लागतं. त्यामुळं विडी सोडताना लोक म्हणायचे, तंबाखूवर घर चालतंय आणि तू विडी सोडतोस होय? ह्याचं उत्तर मला देता यायचं नाही. आता देतो : पीक पोटासाठी होतं, विडी कशासाठी होती ते मलाच सांगता येत नव्हतं.

रोज दीड कट्टा. विडी सारखी ओढत ऱ्हावी लागते, न्हाईतर विझते, म्हणून सिगारेटपेक्षा जास्त झुरके बसतात, धूरही जास्त आत जातो. विडी म्हणजे हलकी, हा आमच्याकडचा समज साफ खोटा आहे.

दोनदा माघ-फाल्गुनात सोडायला गेलो आणि दोन्हीदा फसलो. त्या दिवसांत कापलेला पाला रानात वाळत पडलेला असतो, वारा त्याच्यावरनंच येतो, वखारीकडनं गेलं तर नाकात तोच वास. आणि ओल्या पानात राबलं की निकोटिन कातडीतनं सुद्धा अंगात जातं. नव्या गड्याला शेंडे खुडताना गरगरतं, मळमळतं, ते त्याच्यामुळंच. म्हणजे मी विडी सोडून हातातनं तंबाखू घेतच होतो. तिसऱ्यांदा मिरगात सोडली. माल वखारीत गेलेला, रान पेरणीला मोकळं, दिवसभर पाऊस. आमच्या भागातल्यांना माझं एवढंच सांगणं, हंगाम बघून सोडा. आणि पानात काम करायचंच असलं तर हातमोजे घाला, हात साबणानं धुवा.

दोन त्रास झाले. एक, सकाळी विडीबिगर पोट साफ होईना. हे बोलायला लोक लाजतात, पण ह्या एका कारणानं परत धरलेले आमच्या गल्लीतच चारजण आहेत. उठल्या उठल्या तांब्याभर कोमट पाणी, रात्री इसबगोल, आणि घाई न करता बसायचं. पंधरा-वीस दिवसांनी जाग्यावर आलं. दुसरा त्रास, खोकला वाढला. मला वाटलं सोडूनच बिघडलं. डॉक्टर म्हणाले, छाती झाडून काढायला लागलीय, थोडे दिवस चालू दे, कमी झाला न्हाई तर परत या. महिन्याभरात कमी झाला.

तल्लफेचं म्हणाल तर, एक विडी जळायला जेवढा वेळ लागतो तेवढीच ती टिकते. मी बांधावरनं विहिरीपर्यंत चालत जायचो आणि परत यायचो. परत येईपर्यंत गेलेली असायची. तासाभरानं दुसरी यायची, तवा परत विहिरीकडं.

*

खानापूर तालुका, गृहिणी, वय ४१

लिहावं की नको, आठ दिवस विचार केला. इथं सगळे पुरुषच लिहितात म्हणून लिहिते.

आमच्या ह्यांनी सोडली तेव्हा पहिले दोन आठवडे घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. ताटात मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, पोरानं पेन हरवलं म्हणून त्याच्यावर ओरडले आणि मग स्वतःच परसात जाऊन रडत बसले. मी वीस वर्षांत त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी दिवसातनं दहादा विचारायची, ओढला नाही ना? अंगाचा वास घ्यायची. एके दिवशी ते म्हणाले, तू विचारलंस की मला ती आठवते. त्या दिवसापासून विचारणं बंद केलं. त्याऐवजी जेवण झालं की दोघं देवळापर्यंत जाऊन यायला लागलो, कारण जेवणानंतरचीच त्यांना सर्वात जड जायची.

आता खरं लिहिते. मी स्वतः मिश्री लावत होते. सासूबाई लावायच्या, आई लावायची, लग्नानंतर मीही. दात घासणं म्हणूनच ते घरात चालतं, त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. सकाळी, दुपारी, रात्री, आणि भांडण झालं की मध्येच एकदा. ह्यांची चिडचिड बघताना मला कळलं की मिश्री संपली की माझंही अगदी असंच होतं. तंबाखू भाजून केलेलीच ती, निकोटिन तेच. त्यांना न सांगता मीही बंद केली. मला राग आला नाही, मला भीती आली. कारण नसताना पोटात गोळा यायचा. पोरं शाळेतनं पाच मिनिटं उशिरा आली की नाही नाही ते मनात यायचं. तोंडात फोड आले. पंधराव्या दिवशी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, मग दोघं मिळून करू.

दीड वर्ष झालं. बायकांनो, तुमच्याही घरात डबी असेल. लिहा.

*

चिकोडी, ऊस वाहतूक करणारा ट्रॅक्टरवाला

मला काही त्रास झाला नाही. मुलगी झाली त्या दिवशी टाकली ती टाकलीच. पहिले चार दिवस डोकं दुखलं, बस्स. सगळ्यांचं सारखं नसतं एवढंच सांगायला लिहिलं. मित्रांना मी पूर्वी म्हणायचो, मनात आणलं की सुटते. वरचं वाचून आता म्हणणार नाही.

*

हिंडलगा, निवृत्त जवान, वय ५२

मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. शिस्त अंगात आहे असं धरून चाललो होतो. सात महिने एकही नाही. मग अनंत चतुर्दशी. बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते हे सगळ्यांना माहीत आहे. पहाटे चारला कपिलेश्वर तलावाच्या वाटेवर, जुने दोस्त, जागरणानं जड झालेलं डोकं, कुणीतरी पुढं केली. घेतली. सकाळपर्यंत पाच झाल्या.

त्या पाचपेक्षा घरी आल्यावरचा तास वाईट होता. मन म्हणत होतं, मोडलंच आहे, आता पाकीट आण. मागच्या वेळी मी हेच ऐकलं होतं आणि पुढं चार वर्षं ओढली होती. या वेळी अंघोळ केली, झोपलो, उठून बायकोला सांगितलं. सांगितलं म्हणून ते तिथंच थांबलं. सात महिने कुठं गेलेले नाहीत, पाच सिगारेटी ओढल्या, एवढाच हिशेब मी धरला. आता जागरण असेल तिथं मी बारालाच उठतो.

*

वडगाव, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

माझी धास्ती सिगारेटीच्या आधीची आहे. पहिल्या सेमिस्टरला व्हायवाच्या आदल्या रात्री रूममेटनं दिली आणि खरंच शांत वाटलं. तीन वर्षांत दिवसाला आठ झाल्या आणि धास्ती होती तिथंच, उलट वाढलेली.

पाकिटावर 1800-11-2356 हा नंबर छापलेला असतो. फोन फुकट आहे. माझं शिक्षण कन्नड माध्यमातलं, कन्नडमध्येच बोललो. तिकडच्या ताई म्हणाल्या, याला चडपडिके म्हणतात. आपल्या मराठीत चडफड म्हणजे राग, पण कन्नडमध्ये हा शब्द अंगातल्या बेचैनीचा आहे. मला होत होतं त्याला पहिल्यांदा नाव मिळालं. त्यांनी विचारलं, सिगारेट ओढल्यावर किती वेळ बरं वाटतं? मी म्हटलं, तासभर. त्या म्हणाल्या, रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. मग जी बेचैनी येते तीच पुढची सिगारेट शमवते. परीक्षेची भीती त्यात जातच नाही.

निकोटिनची गम घेतली, २ मिलिग्रॅमची. च्युइंगगमसारखी भराभर चावली, घसा जळला, उचक्या लागल्या, फेकून दिली. मेडिकलवाल्या काकांनी नीट शिकवलं : चार-पाचदा चावायची, तिखट झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, झिणझिण्या गेल्या की परत चावायची. अर्धा तास अशी. चहा-कॉफीच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना काही घ्यायचं नाही, नाहीतर ती लागू पडत नाही. तीन महिन्यांत हळूहळू कमी करत बंद केली. धास्तीसाठी वेगळे उपचार चालू आहेत, ते सिगारेटनं होणारं काम नव्हतंच.

*

शहापूर, वय ३४

आज चौथा दिवस. रात्रीचे दीड वाजलेत. धागा पूर्ण वाचला. बायको-पोरगं झोपलेत. खाली कोपऱ्यावरची टपरी बंद असणार हे माहीत असून दोनदा चप्पल घातली. अंगात मुंग्या फिरल्यासारखं होतंय. हे किती दिवस?

*

धागाकर्ता, टिळकवाडी

दादा, पहिले तीन-चार दिवस सर्वात वाईट, तुम्ही त्याच्या टोकावरच आहात. दोन ते चार आठवड्यांत बरंच निवळतं. आत्ता गच्चीवर किंवा गॅलरीत जा, पाणी प्या, श्वास घ्याल त्याच्या दुप्पट वेळ तो सोडा, दहा-बारा वेळा. संध्याकाळी चहा झाला होता का? मी जागा आहे, लिहीत राहा.

*

शहापूर

तीन कप. सातनंतर दोन.

*

शहापूर

साडेतीनला झोप लागली. सात वाजले, उठलोय. पाचवा दिवस. बायकोनं कप भरून आणला, अर्धा परत ओतायला लावला. तिला कारण सांगितलं. आज विहीर नाही आमच्याकडं, पण शिवाजी उद्यानापर्यंत जाऊन येतो.