नाणं टाकून चालणारी जुनी यंत्रं: चालवायची की काचेत ठेवायची? (सोलापूरच्या तीन भागांतल्या तिघांची चर्चा)

होटगी रोड: लेकीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो, तेव्हा 'म्युझे मेकॅनिक' पाहिलं. बंदरावर पिअर ४५ची शेड, प्रवेश फुकट, आत नाणं टाकून चालणारी जुनी यंत्रं. भविष्य सांगणाऱ्या बाहुल्या, आपोआप वाजणारे पियानो, अंगावर काटा येईल अशी हसणारी यांत्रिक बाई, लाफिंग सॅल. पाव डॉलर टाकला की सगळं हलतं! संग्रहालय असंच हवं. आपल्याकडे स्टेशनावरचं वजनाचं यंत्र आठवा: लुकलुकणारे दिवे, फिरणारी चकती, खट्कन पडणारं तिकीट, त्यावर वजन आणि भविष्य. सोलापुरात असं एक तरी चालू ठेवा, आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत मांडा.

जुनी गिरणी: काका, अजिबात पटलं नाही. चालवलं की झिजतं. चाकाचा दाता तुटला तर नवा घडवावा लागतो; असे दहा भाग बदलल्यावर मूळ यंत्र उरलं किती? शिवाय २५ मिलिमीटरचा रुपया २०११ पासून जेमतेम २२चा झाला. मग नाण्याची खाच बदलणार? ती तर मोडतोडच.

बाळीवेस: खाच कशाला बदलायची? जुने रुपये गल्ल्यावर ठेवा, यंत्रातून काढून पुन्हा तेच द्या. आणि बंद यंत्र टिकतं हे कुणी सांगितलं? वंगण घट्ट होतं, गंज धरतो. आमच्या चादरीच्या मागावर जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणायची यंत्रणा आहे. पुठ्ठ्यातल्या भोकांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात आणि नक्षी उमटते. बंद मागापुढे उभं करून पोरांना हे कितीही सांगा, डोक्यात शिरत नाही.

होटगी रोड: अगदी! पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या यंत्रज्ञाने देवळातल्या पाण्यासाठी नाण्यावर चालणारं यंत्र वर्णिलं. नाण्याच्या भाराने तरफ झुकते, झडप उघडते. नाणं घसरून पडलं की पाणी बंद. या कल्पनेचा जीवच हालचालीत आहे.

जुनी गिरणी: मग हुबेहूब प्रतिकृती करा आणि ती खुशाल चालवा. मूळ यंत्र काचेत राहू दे. महिन्यातून एकदा जाणत्या कारागिराने फिरवलं तरी गंज धरणार नाही. पण गड्ड्यावर? जत्रा भरते त्या होम मैदानाच्या धुळीत? त्याला माझा साफ विरोध.

बाळीवेस: धुळीचं मान्य, मैदान नको. पण प्रतिकृतीही नको. महिन्यातून एकदा फिरवून कारागीर तयार होत नाही. यंत्र रोज चाललं, बिघडलं, तरच दुरुस्त करणारा हात शिकतो. माग असेच शिकलो आम्ही.

जुनी गिरणी: माग पुन्हा मिळतो, दादा. स्टेशनावरचं ते यंत्र आता कुठून आणणार?