तेल गाळलं तरी जुनं ते जुनंच

गाळून ठेवलं की तळणीचं तेल चार-पाच वेळा सहज चालतं, असं सांगितलं जातं. नाही पटलं. गाळायलाच हवं, पण त्याने फक्त तळाचं जळकं पीठ निघतं. तापून तेलात जे तयार होतं ते तसंच राहतं. म्हणून तर एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, १ जुलै २०१८ पासून 'टोटल पोलर कंपाउंड्स' (तापून तेलात तयार होणारे हेच घटक) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायला मनाई केली.

घरी हे मोजता येत नाही, पण फेस बघा. नौपाड्यातल्या आमच्या घरी गेल्या दिवाळीत भज्यांचं उरलेलं तेल चकल्यांना वापरलं. एरवी चकलीतलं पाणी उडालं की बुडबुडे बसतात, तीच काढायची खूण. या तेलात बारीक पिवळट फेस कढईच्या काठापर्यंत चढला आणि बसेचना. झाऱ्याने बाजूला सारून बघितलं तर चकल्या वरून काळपट, आत मऊ. सगळा घाणा गेला, फार वाईट वाटलं. तेव्हापासून कढईत बेताचंच तेल घेते, उरलेलं दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवते. आणि कृपा करून जुन्यात नवं तेल ओतू नका, नवंही लवकर खराब होतं.