घरी वॅक्सिंग केल्यावर पायांची आग होते आणि पुटकुळ्या येतात, काय लावावे?

अबोली (वाघोली):
नमस्कार. पायांवरचे केस मी बरीच वर्षे घरीच काढते. एरवी साखर-लिंबाचे वॅक्स वापरते आणि घाईच्या वेळी केस काढण्याचे क्रीम. वॅक्सनंतर थोडी लाली नेहमीच येते आणि सकाळपर्यंत जाते. या वेळी मात्र दुसऱ्या दिवशी मांडीच्या मागे आणि गुडघ्याखाली मोहरीएवढ्या लाल पुटकुळ्या उठल्या, त्यांपैकी काहींच्या टोकाला पांढरा ठिपका आहे. डाव्या घोट्याच्या वर एका पट्ट्यातली त्वचा चकाकते आणि तिला नुसते पाणी लागले तरी चुरचुरते. मी रोज स्कूटरने खराडीला जाते, त्यामुळे दिवसभर जीन्स घातलेली असते, आणि आमच्या सोसायटीत टँकरचे जड पाणी येते. आई म्हणते हळद-बेसन लाव. शेजारच्या काकूंनी औषधांच्या दुकानातून आणलेले एक मलम दिले आहे, ज्याने त्यांची खाज दोन दिवसांत गेली होती. यांतले काय करावे? पुढच्या आठवड्यात घरात लग्न आहे आणि मी नऊवारी नेसणार आहे, म्हणजे पोटऱ्या दिसणारच.

बकुळ (कर्वेनगर):
अबोलीताई, तुमच्या वर्णनावरून हे दोन वेगळे त्रास दिसतात, आणि दोन्हींवर एकच उपाय केला तर एक बरा होताना दुसरा चिघळेल. वॅक्सची पट्टी ओढताना केसाबरोबर त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा पातळ थरही थोडा निघतो. हाच थर आतला ओलावा राखतो आणि बाहेरचे जंतू आणि साबण यांना अडवतो. चकाकणाऱ्या पट्ट्यात तो जास्त निघाला असावा किंवा गरम वॅक्सने भाजला असावा, म्हणून तिथे जखमेसारखीच काळजी घ्यावी. स्वच्छ, मऊ सुती कापड गार पाण्यात भिजवून, पिळून, दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटे ठेवावे, आणि नंतर बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. बर्फ थेट त्वचेवर फिरवू नये. खपली धरली तर ती काढू नये.

पुटकुळ्यांचे कारण निराळे आहे. केस मुळासकट निघाला की त्याचे रंध्र काही काळ उघडे आणि सुजलेले राहते. त्यात घाम आणि जीन्सचे घर्षण यांची भर पडली की त्वचेवर एरवीही राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जिवाणू आत शिरतात. मांडीच्या मागे, म्हणजे स्कूटरच्या सीटला घासणाऱ्या जागी, पुटकुळ्या आल्या आहेत हे या कारणाशी जुळते. बहुतेक वेळा त्या काही दिवसांत आपोआप बसतात, फक्त त्यांना हात लावायचा नाही, दाबून पू काढायचा नाही आणि सुईने टोचायचे तर मुळीच नाही. तोवर सैल सुती सलवार वापरा, कोमट पाण्याने आंघोळ करा, आणि जिम आणि पोहणे थांबवा.

आईंना माझा नमस्कार सांगा, पण हळद-बेसन सध्या नकोच. सोललेल्या त्वचेवर बेसनाचे कण घासले जातात, वाळलेला लेप काढताना आणखी ओरखडे पडतात, आणि काही जणांना हळदीचीच ॲलर्जी येते. लिंबू, तुरटी, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांनाही हेच लागू आहे.

लाली पसरत गेली, जागा गरम लागली, ठणका वाढला, पू वाहू लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर एवढीही वाट पाहू नका.

दवापाणी (नारायण पेठ):
माझे औषधांचे दुकान आहे, म्हणून मी फक्त मलमाविषयी लिहितो. काकूंनी दिलेल्या ट्यूबच्या मागची बारीक अक्षरे आधी वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. अशा मलमांत पुष्कळदा बुरशीविरोधी औषध आणि प्रतिजैविक एकत्र घातलेले असते, त्यामुळे ‘सगळ्यांवर चालणारे मलम’ म्हणून ते घरोघरी फिरते. स्टिरॉइडने लाली आणि खाज झपाट्याने कमी होते हे खरे आहे, परंतु ते त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबून ठेवते, आणि रंध्रात जिवाणू असतील तर त्यांना मोकळे रान मिळते. तीव्र स्टिरॉइड बरेच दिवस लावले तर मांडीची त्वचा पातळ होते, कायमचे ओरखड्यांसारखे चरे पडतात, आणि स्टिरॉइडमुळेही पुटकुळ्या येऊ शकतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातली ती याच गैरवापरामुळे. ती चिठ्ठीशिवाय मागू नयेत आणि आम्हीही देऊ नयेत. गिऱ्हाईक समोर उभे राहून एकाची खाज दुसऱ्याच्या ट्यूबने घालवू पाहते तेव्हा मला खरोखर काळजी वाटते.

खाज असह्य झाली तर कॅलामाईन लोशन लावा, मात्र सोललेल्या पट्ट्यावर नको. आणखी एक सांगा, मुरुमांसाठी ॲडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइनचे जेल पायांवर लावता का, किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का? या औषधांच्या काळात वॅक्सने त्वचा फार सहज सोलते.

झुळूक (सिंहगड रस्ता):
मी पार्लर चालवते. तुम्ही स्वतः करता तेव्हा पट्टी कशी ओढता हे विचारावेसे वाटते, कारण घरच्या वॅक्समध्ये बहुतेक बिघाड तिथेच होतो. वॅक्स केसाच्या वाढीच्या दिशेने लावायचे, दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरायची, आणि पट्टी उलट दिशेने त्वचेला लगटून ओढायची; वर उचलून ओढली तर केस मधेच तुटतो, आणि तुटलेले टोक पुढे त्वचेखाली वळून गाठ करते. एका जागी एकदाच पट्टी लावायची. राहिलेले दोन केस चिमट्याने काढा, पण तिथे पुन्हा वॅक्स नको. केस साधारण अर्धा सेंटीमीटर वाढलेले असावेत. साखरेचा पाक गॅसवर असताना १०० अंश सेल्सिअसच्याही वर जातो आणि चिकट असल्यामुळे उष्णता धरून ठेवतो, म्हणून पायावर लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघावे.

क्रीमचा मार्ग सोपा वाटतो, पण त्यातले थायोग्लायकोलेट हे रसायन केसांतले केराटिन नावाचे प्रथिन विरघळवते आणि त्वचाही केराटिनचीच असते. त्वचेचा सामू (आम्ल-अल्कतेचे माप, pH) ५ च्या आसपास असतो, या क्रीमचा १२ च्या आसपास. त्यामुळे वेष्टनावरची वेळ घड्याळ लावून पाळायची, आणि नवीन क्रीम आणले की आधी छोट्या जागी लावून २४ तास थांबायचे. जड पाण्यात साबणाचा चिकट थर अंगावर राहतो, त्यामुळे शेवटी पिण्याच्या पाण्याचे एक-दोन तांबे पायांवर घेतलेत तर आग कदाचित कमी होईल.

अबोली (वाघोली):
सर्वांचे मनापासून आभार. ट्यूबवर क्लोबेटासोल लिहिलेले आहे, ती मी काकूंना परत देते आणि तुम्ही लिहिलेले त्यांनाही वाचून दाखवते. ॲडापॅलीन मी फक्त चेहऱ्याला लावते. पुटकुळ्या बसल्यावर काळे डाग राहतील का, आणि लग्नाआधी उरलेल्या केसांचे काय करू?

बकुळ (कर्वेनगर):
आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत सूज उतरली की मागे तपकिरी डाग राहतात, आणि ते जायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. डाग घासून काढायचे नाहीत. त्वचा पूर्ण भरली की उघड्या भागाला ३० किंवा त्याहून अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावा, कारण उन्हाने ते आणखी गडद होतात.

लग्नासाठी वॅक्स, क्रीम आणि वस्तरा हे तिन्ही बाजूला ठेवा. धडधाकट त्वचेवर ट्रिमर चालेल. त्याने किंचित खुंट राहतात, परंतु पाते त्वचेत शिरत नाही. घोट्यावरचा पट्टा आणि पुटकुळ्यांच्या जागा मात्र सोडून द्या, तिथले केस राहिले तरी राहू देत. पुढे दर वेळी असेच होत राहिले तर एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून लेसरविषयी विचारा. आपल्या वर्णाला १०६४ नॅनोमीटरचा लेसर तुलनेने सुरक्षित मानतात, फक्त केस वाढीच्या टप्प्यात असतानाच तो लागू पडतो, त्यामुळे काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. आणि या आठवड्यात पट्टा भरला नाही तर लग्नाची वाट न पाहता दाखवून या. खासगी दवाखान्याचा खर्च नको असेल तर पुणे स्टेशनजवळच्या ससूनमध्ये सकाळी केसपेपर काढून त्वचारोग विभागात जाता येते.