टक्के कमी आले म्हणून सोडू नका

ताई, वडिलांच्या दिव्यांग प्रमाणपत्रावर ३५ टक्केच लिहून दिले, ४० लागतात, म्हणून आता संजय गांधी निराधार योजनेच्या मदतीचा विषयच संपला, असं तुम्ही लिहिलंय. संपलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं, आणि त्यासाठीची मुदत राज्य सरकारच्या नियमांत ठरलेली असते. प्रमाणपत्राची तारीख आणि ती मुदत आजच बघून ठेवा.

आम्ही कळव्याचे. माझ्या भावालाही पक्षाघातानंतर पहिल्या वेळी ४० च्या खालीच आकडा मिळाला होता. तपासणीत त्याने हात वर करून दाखवला, तेवढंच लिहिलं गेलं. घरी मात्र त्याला शर्टाचं एक बटण लावायला पाच मिनिटं लागायची, तेही मधलंच. गळ्याचं आई लावायची. हे कुणी विचारलंच नाही, आणि आम्हीही बोललो नाही. तीच चूक नडली. हातापायाचं अपंगत्व मोजताना ताकद आणि हालचालींतला समन्वयही बघतात. म्हणून अपिलासोबत फिजिओथेरपीच्या नोंदी आणि न्यूरोलॉजिस्टचा ताजा अहवाल जोडा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.

फेरतपासणीला बाबांबरोबर तुम्ही स्वतः जा. ते संकोचाने 'जमतं हो' म्हणून टाकतील.