तिसरा क्रमांक म्हणजे बढती नव्हे

अनेकांचा समज असतो की जर्मनीच्या फुटबॉलमध्ये दुसऱ्या विभागातले पहिले तीन संघ थेट बुंडेसलिगात, म्हणजे सर्वोच्च विभागात जातात. थेट जातात दोनच. तिसऱ्याला बुंडेसलिगातल्या १६व्या (१८ संघांत शेवटून तिसऱ्या) संघाशी दोन सामने खेळावे लागतात, एक घरी, एक बाहेर. २००८-०९पासून हीच पद्धत आहे. दुसऱ्या विभागाच्या तळालाही तसंच: शेवटचे दोन सरळ तिसऱ्या लीगमध्ये, १६व्याला तिथल्या तिसऱ्याशी झुंजावं लागतं.

हा तिसरा क्रमांक किती जीवघेणा असतो ते दुसऱ्या विभागात अडकलेल्या हॅम्बर्ग संघाला विचारा. २०२३मध्ये शेवटच्या दिवशी त्यांनी सांडहाउझेनला १-० हरवलं. बढती मिळाली असं समजून प्रेक्षक मैदानात उतरले, एकमेकांच्या गळ्यात पडले. तिकडे रेगेन्सबुर्गमध्ये बढतीच्याच शर्यतीतल्या हायडेनहाइमचा सामना अजून चालू होता. ०-२ने मागे पडलेल्या या संघाने एक गोल फेडला होता; भरपाई वेळेत त्याने आणखी दोन गोल केले, दुसरा तर ९९व्या मिनिटाला, आणि ३-२ने जिंकून थेट वर गेला! हॅम्बर्ग तिसरा. मग बुंडेसलिगात १६व्या आलेल्या श्टुटगार्टने त्यांना दोन्ही सामन्यांत हरवलं. हॅम्बर्ग वर आला थेट २०२५मध्ये. तो मैदानातला जल्लोष आठवला की मला आजही गलबलून येतं.

मला स्वतःला ही पद्धत थोडी अन्यायाची वाटते. वरच्या संघाकडे पैसा जास्त, खेळाडू महागडे. वर्षभर झगडून तिसऱ्या आलेल्याने पुन्हा त्यांनाच हरवायचं?