ठाण्यात मारहाण, अटकेची नोंदच नाही: पहिल्या आठवड्यात काय हातात घ्यावं?

सिंदफणाकाठ:
नमस्कार. आमची संस्था बीड जिल्ह्यात मोफत कायदेशीर मदत करते. चोरीच्या संशयावरून एका ऊसतोड कामगाराला ‘चौकशीसाठी’ ठाण्यात नेलं, रात्रभर ठेवून पट्ट्याने मारलं आणि सकाळी कोऱ्या कागदावर सही घेऊन सोडलं. अटक दाखवलेली नाही, नोटीस नाही. आज तिसरा दिवस. फिर्याद द्यायला गेलं तर “एनसी घेतो” म्हणतात (म्हणजे अदखलपात्र नोंद, ज्यात पोलीस आपणहून तपास करत नाहीत). माणूस अनुसूचित जातीचा आहे आणि मारताना जातीवरून बोलले. आधी काय करावं?

पोच_घ्या:
आधी दवाखाना. मसुदा रात्री बसून करा. तिसऱ्या दिवशी वळ निळे-जांभळे असतात. आठवडाभरात हिरवट-पिवळे पडतात आणि दोन आठवड्यांत दाखवायला फारसं उरत नाही. ग्रामीण रुग्णालयात “पोलिसांची यादी (तपासणीसाठीचं पत्र) आणा” म्हणतील. एमएलसीला (दवाखान्यातली वैद्यकीय-कायदेशीर नोंद) यादी लागत नाही. नोंद करून ठाण्याला कळवणं डॉक्टरांचं काम. अडवलं तर हुज्जत न घालता बीडचं सिव्हिल नाहीतर औरंगाबादचं घाटी रुग्णालय गाठा. केसपेपरवर हकिकत काय लिहिली ते तिथेच वाचा. नुसतं ‘मारहाण’ लिहिलेलं कोर्टात कुणाच्याही माथी मारता येतं. कोणी, कुठे, कशाने, किती वाजता हे हवं. वळाची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग आणि जखमेचं वयही. तळपायावर मारलं असेल तर वळ कमी दिसतात, सूज जास्त. चप्पल काढून पाय तपासायला सांगा.

फोटो दिवसाउजेडी काढा. आधी चेहऱ्यासकट, मग शेजारी शाळेची पट्टी धरून जवळून. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत कामाची नाही, मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये राहू द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) येते.

दुसरं काम सीसीटीव्हीचं, तेही आजच. परमवीर सिंग सैनी प्रकरणात (2 डिसेंबर 2020) सर्वोच्च न्यायालयाने फुटेज 18 महिने, आणि ते शक्य नसेल तिथे किमान एक वर्ष ठेवायला सांगितलंय. प्रत्यक्षात ‘डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं यंत्र) बंद होता’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून एसपी कार्यालय आणि ठाणे दोन्हीकडे एका पानाचं पत्र द्या: अमुक तारखेच्या रात्री इतक्यापासून सकाळी इतक्यापर्यंत, गेट, व्हरांडा, लॉकअप या कॅमेऱ्यांचं फुटेज जतन करा. आवक नंबर आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच नाकारली तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट. माहिती अधिकारात स्टेशन डायरीचा उतारा वेगळ्या अर्जाने मागा. आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे.

तालुका_कोर्ट:
एनसीचा सापळा ओळखा. साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2), अदखलपात्र. पण कबुलीसाठी मारणं म्हणजे 120(1), बेकायदा डांबणं म्हणजे 127(2), आणि ही दोन्ही दखलपात्र आहेत. फिर्यादीत “चोरी कबूल कर म्हणून मारलं” हे वाक्य नसेल तर 120 लागणारच नाही. बहुतेक अर्ज इथेच ढेपाळतात.

ठाण्याने नाकारलं की भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 173(4) प्रमाणे एसपींना तक्रार, लेखी आणि पोस्टाने. त्यानंतरच न्यायदंडाधिकाऱ्याकडे 175(3) चा (तपासाचा आदेश मागणारा) अर्ज, शपथपत्रासह. एसपींची पायरी गाळली तर अर्ज त्याच मुद्द्यावर उडतो.

ॲट्रॉसिटीबाबत ताई/दादा, जरा जपून. जातिवाचक शिवीगाळीच्या कलमाला ‘लोकांच्या नजरेसमोर’ लागतं. बंद खोलीत फक्त पोलीस असतील तर मुद्दा डळमळतो. व्हरांड्यात बसलेले इतर फिर्यादी, लॉकअपमधले दुसरे लोक, चहा आणून देणारा पोऱ्या, ज्याने ज्याने ऐकलं त्याचं नाव आताच टिपा. गुन्हा नोंदवला तर तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, आणि नोंदणीपूर्वी प्राथमिक चौकशीची अट ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 18अ ने काढलीय.

सिंदफणाकाठ:
आरोपी पोलीस असल्याने न्यायदंडाधिकाऱ्याने 175(4) खाली त्यांच्या वरिष्ठांचा अहवाल मागवला की महिने जातात. थेट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट घेऊन गेलं तर?

खंडपीठ_चकरा:
सर्वोच्च न्यायालयाचा साकिरी वासू निकाल (2008) दाखवून “आधी खाली, न्यायदंडाधिकाऱ्याकडे जा” म्हणतात. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणाचा दाखला सगळे देतात, पण तिथे कोठडीतला मृत्यू होता आणि न्यायालयीन चौकशीचा अहवाल हाताशी होता. तरी गुन्हा नोंदायला खंडपीठाचा 4 जुलै 2025 चा आदेश लागला आणि तो सर्वोच्च न्यायालयात टिकवावा लागला. तुमचा माणूस सुटलाय. रिट ठेवा नुकसानभरपाईसाठी, पण एमएलसी आणि एसपींची पोच जोडून.

माणूस अजून आत असता तर वेगळी गोष्ट. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 100 खाली बेकायदा डांबलेल्या माणसाला शोधायला तालुक्याचा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही झडतीचं वॉरंट काढू शकतो. हे फार कमी जण वापरतात.

मुदती भिंतीवर लिहा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 161 ची (कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसांवर खटला भरायची) सहा महिन्यांची मुदत बचाव पक्ष हमखास काढतो. ‘मारहाण हे कर्तव्य नव्हे’ असा युक्तिवाद करता येतो, पण त्या भरवशावर बसू नका. मानवी हक्क आयोगाकडे एक वर्ष, फी नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मिळतो (हेल्पलाइन 15100).

आणि तो कोरा कागद. पहिल्याच तक्रारीत तारीख-वेळ घालून लिहा की कोऱ्यावर सही घेतली. उद्या त्यावर “मी स्वखुशीने आलो, मला कोणी मारलं नाही” असा जबाब उमटतो, आणि तेव्हा सांगितलं तर ते मागाहून सुचलेलं ठरतं.